जंभेरीची बाग

मी पुसदला एका कनिष्ठ महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवतो. लिंबाचं कूळ शिकवायचा दिवस आला की सकाळी येतानाच पिशवीत फांद्या घेऊन येतो. लिंबाची, बेलाची, गोडलिंबाची, म्हणजे पुण्यामुंबईकडे ज्याला कढीपत्ता म्हणतात त्याची, आणि मिळाली तर कवठाची. कढीच्या फोडणीतलं पान, महादेवाला वाहायचं पान आणि गुळासोबत चटणी वाटतात ते कवठ ही सगळी लिंबाची भावकी आहे, हे ऐकून मुलं दरवर्षी हसतात.

मग मी प्रत्येकाला एकेक पान खिडकीकडे धरायला सांगतो. पानभर सुईच्या टोकाएवढे उजळ ठिपके दिसतात. त्या तेलाच्या ग्रंथी. पान चुरगळलं की त्या फुटतात आणि वास येतो. लिंबाचं पान दिसायला साधं, पण खरं तर ते बेलासारखंच संयुक्त. बाकीच्या पर्णिका जाऊन एकच उरलेली. म्हणून देठ आणि पान यांच्यामध्ये सांधा दिसतो आणि देठाला दोन्ही बाजूंनी बारीकसे पंख असतात. फळ कापून दाखवतो. आपण रस पितो तो फोडींच्या आतल्या भिंतीवरून उगवलेल्या केसांमधला. लिंबाच्या फोडीतला एकेक दाणा म्हणजे रसानं फुगलेला केस. हे सांगितलं की मागच्या बाकावरचं कोणीतरी तोंड वेंगाडतं.

यंदा एका मुलीनं विचारलं, "सर, नुसत्या पानाच्या वासावरून संत्रा कोणता आन् लिंबू कोणतं, सांगता येते का?"

"येतं," मी म्हणालो आणि फळ्याकडे वळलो. तास संपेपर्यंत मला पुढचं नीट शिकवता आलं नाही.

आमचं गाव बोरी अरबपासून थोडं आत आहे. बाबांचं वावर चांगलं, विहिरीला उन्हाळ्यातही पाणी. कापूस आणि तूर सगळेच पेरायचे, बाबाही पेरायचे. पण गावात आपलं काहीतरी वेगळं दिसावं अशी त्यांना फार हौस. आमच्या शिवारात तोवर संत्रा कोणी लावला नव्हता. बाबांनी ठरवलं की विहिरीजवळच्या दोन एकरांत बाग लावायची.

माझी माय वरुडकडची. तिकडे संत्र्याच्या बागा कापसासारख्या पसरलेल्या असतात. तिच्या माहेरी बाग तर होतीच, शिवाय पन्हेरी होती, म्हणजे कलमं तयार करायची रोपवाटिका. शाळा चौथीत सुटल्यापासून लग्न होईपर्यंत माय त्या पन्हेरीत बसली. जंभेरीचं बी टाकायचं, रोपं वीतभर झाली की हलवायची, पेन्सिलीएवढी जाड झाली की त्यांच्या सालीत संत्र्याचा डोळा, म्हणजे न फुटलेला कोंब, बसवून पट्टी बांधायची, डोळा फुटला की वरची जंभेरी छाटून टाकायची. जंभेरी म्हणजे एक जंगली, खरबरीत सालीचं, आंबटढोण लिंबू. मुळं तिची, वरचं झाड संत्र्याचं. हे सगळं मायनं हातानं केलेलं होतं. मी ते पुढे पुस्तकात वाचलं.

तेव्हा रोपं मामाकडून आणायची, एवढी साधी गोष्ट होती. पण माझ्या मावशीच्या लग्नात जावयाला, म्हणजे बाबांना, पंगतीला बोलवायला म्हणे कोणी आलं नाही, आणि त्यावरून बाबांचं आणि मामाचं बोलणं बंद झालं ते झालंच. मायनं विषय काढला तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "वरुडची काडीबी माह्या वावरात येणार नाही."

मी तेव्हा यवतमाळला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होतो. सुट्टीत घरी आलो होतो. एका सकाळी रोपं भरलेली एक पिकअप गावात आली. विकणारा कुठला, कोणाचा, कोणालाच ठाऊक नव्हतं. पिशवीतली रोपं टवटवीत, कमरेएवढी, प्रत्येकाच्या खोडाला खाली प्लास्टिकची पट्टी गुंडाळलेली. बाबांना ती बघताक्षणी आवडली.

माय हात पुसत बाहेर आली. एका रोपापाशी उकिडवी बसली. पान तोडलं, चुरगळलं, नाकाशी धरलं. दुसऱ्या रोपाचं पान तोडलं. तिसऱ्या.

"हा संत्र्याचा वास नोहे," ती म्हणाली. "हे जंभेरी हाय. डोळा मेला असन अन् खालचंच फुटलं. पट्टी सोडून दाखव बरं, दादा. जोड कुठी हाय?"

"पट्टी सोडली तं कलम मरते, ताई," तो माणूस म्हणाला.

"इतकं मोठं झाल्यावर कायले मरते? अन् हे काटे पाह्य केवढे."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. गल्लीतले पाचसहा जण गोळा झाले होते. "तू तं हेच शिकून राह्यला न बे? पाह्य बरं."

त्याच वर्षी आम्हाला हे कूळ शिकवलेलं होतं. परीक्षेत मला त्यात पैकीच्या पैकी मिळाले होते. मी एक पान तोडलं, उजेडाकडे धरलं. ठिपके होते. देठाला सांधा होता, बारीक पंख होता. मी मोठ्यानं सांगितलं की हे सायट्रसच आहे, सगळी लक्षणं आहेत. मायकडे वळून म्हणालो, "माय, ह्या कुळातल्या सगळ्याच पानांत तेल असते. लिंबाचा वास येणारच. काटे तं संत्र्यालेबी असतात."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. फक्त तिनं विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं. ती जात विचारत होती, मी कूळ सांगत होतो. आणि एवढंही मला तेव्हा कळत नव्हतं, असं म्हणता येणार नाही. चुरगळलेल्या पानाचा वास मलाही आला होता. क्षणभर वाटलं होतं की माय म्हणते ते बरोबर असेल. पण चौथी शिकलेल्या बाईचं ऐकून सगळ्यांसमोर "थांबा, बघू" म्हणायचं मला जमलं नाही.

"आता बोल," बाबा तिला म्हणाले. लोक हसले. ती पदराला हात पुसत आत गेली. तिच्या बोटांना तो वास दिवसभर असणार.

रोपं लागली. ठिबक टाकलं. झाडं इतक्या जोमानं वाढली की बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, नेऊन दाखवायचे. जंभेरी वाढतेच तशी, तिला कलमाचं ओझं नसतं. दुसऱ्या वर्षी काटे बोटभर लांब झाले. निंदायला जाणाऱ्या बाया हात ओरबाडून घेऊन यायच्या. माय पुन्हा एकदा म्हणाली, "अजून वेळ गेली नाही. आहे त्या खोडावर डोळे बांधू. मी बांधतो, माह्या हातानं. डोळ्याच्या काड्या तेवढ्या आणा वरुडहून." आमच्याकडे बायाही अशाच बोलतात, बांधतो, करतो. बाबांनी ताटावरून न उठता सांगितलं, "तुले माहेरचं निमित्तच पायजे."

चौथ्या वर्षी पहिली फुलं आली. मी एमएस्सी करून नोकरी शोधत होतो. घरी आलो आणि वावरात गेलो. संत्र्याची कळी पांढरी असते. इथल्या कळ्या बाहेरून जांभळट होत्या, कोवळी पालवीही तशीच. जंभेरीची हीच खूण. सगळी बाग फिरलो. दहाबारा झाडं सोडली तर सगळीकडे तीच कळी. त्या दहाबारांच्या कळ्या मात्र स्वच्छ पांढऱ्या होत्या, आणि मधमाश्या दोन्हींवर सारख्याच बसत होत्या.

घरी आलो तेव्हा माय गहू निवडत होती. "काय म्हणते बाग?" तिनं विचारलं.

"फुलली," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा सुपाकडे. तिला कळलं होतं असं मला आजही वाटतं. मी जेवलो आणि दुसऱ्या दिवशी यवतमाळला निघून गेलो.

फळं धरली. हिरवी होती तोवर बाबांनी गावाला सांगून ठेवलं की पहिला तोडा मारुतीला. मग ती पिवळी झाली. जाड, खडबडीत सालीची, काही बुडाशी निमुळती. बाबांनी एक कापलं, चाखलं, थुंकलं. आत्या त्या दिवशी आमच्याकडेच होती. बाबांची मोठी बहीण, गावातच दिलेली. मीही होतो. बाबा घरात आले, ते अर्धं फळ चुलीजवळ माय बसली होती तिच्यासमोर फेकलं.

"तुह्या तोंडातून पह्यल्याच दिवशी आंबट निघालं," ते म्हणाले. "लावाच्या टायमालेच खोडा घातला तूनं. बाग लागन कशी?"

आत्या म्हणाली, "मी तं तवाच म्हटलं होतं. शुभ कामात बाईनं असं बोलू नाही."

मायनं फळ उचललं. बाजूला ठेवलं. "मी बोलली म्हणून झाड बदललं का?" एवढंच विचारलं. आणि मग बाबांकडे नाही, आत्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

मला बोलता आलं असतं. झाड कोणाच्या बोलण्यानं बदलत नाही, ते पहिल्या दिवसापासून जंभेरीच होतं, तिनं ते वासावरून ओळखलं होतं आणि मी चुकलो होतो. चार वाक्यं होती. मी पदव्युत्तर पदवीधर माणूस, घरातला एकटा शिकलेला. मी उठून माठातलं पाणी प्यायलो.

एक गोष्ट मात्र ती त्याही नंतर म्हणाली. आठवडाभर घरात कोणी कोणाशी बोलत नव्हतं, तेव्हा. "हे फळ वाया नाही. पन्हेरीवाले जंभेरी शोधत फिरतात, बी पायजे असते त्याह्यले. एका बीतून दोन-दोन, तीन-तीन रोपं निघतात. एकसारखी असतात ते ठेवाची, येगळं दिसलं ते उपटाचं. वरुडले माह्या दादाले निरोप द्या, गाडी घेऊन येईन तो."

तिचं म्हणणं अगदी खरं होतं. लिंबाच्या कुळात असं होतं. एका बीत अनेक गर्भ असतात आणि त्यातले बरेचसे परागाशिवाय, निव्वळ मातृवृक्षाच्या पेशींतून तयार झालेले. म्हणून ती रोपं एकसारखी निघतात. वेगळं निघतं ते संकराचं. मी हे हल्ली फळ्यावर आकृती काढून शिकवतो. त्या दिवशी माय तेच, एकही जड शब्द न वापरता, स्वयंपाकघरातून सांगत होती आणि दोन एकरांची बाग वाचवायची वाट दाखवत होती.

बाबांनी दुसऱ्या दिवशी जेसीबी बोलावला. चालकानं विचारलं, "ह्या बाजूची काही झाडं चांगली दिसतात, ठेवू का?" ती पांढऱ्या कळीची होती. त्यांना खरे संत्रे लागले होते, लहान, पण गोड. "सगळं काढ," बाबा म्हणाले. दुपारपर्यंत वावर मोकळं झालं. उपटलेल्या झाडांचा, तुटलेल्या पानांचा वास गावापर्यंत येत होता. मायनं दार लावून घेतलं.

पुढच्या मृगात त्या जागेवर कापूस पेरायचा होता. पेरणीच्या सकाळी माय दरवर्षीसारखी हळदकुंकू घेऊन निघाली. बाबा दारातच म्हणाले, "तू नको येऊ." पूजा आत्यानं केली. त्या दिवसापासून माय वावरात गेली नाही. वेचणीला नाही, हुरड्याला नाही. गावात दोन ठिकाणी हळदीला तिला बोलावणं आलं नाही. आत्यानं बागेची गोष्ट चांगली फिरवली होती. एकदा माझ्यासमोर एक शेजारीण आपल्या सुनेला म्हणाली, "रोप आणलं तं काकूले दाखवू नको." मायनं ते ऐकलं आणि बादली उचलून घरात आली.

मला पुसदला नोकरी लागली. लग्न झालं. मी सणाला घरी जात होतो, मायला साड्या नेत होतो. तिनं त्यातली एकही नेसली नाही असं नाही; नेसायची. बोलायचीही. फक्त झाडाझुडपांबद्दल माझ्याशी काही बोलायची नाही. माझ्या बायकोनं कुंडीत लावलेल्या लिंबाची पानं पिवळी पडत होती. "सासूबाईंना विचारते," म्हणाली. माय फोनवर म्हणाली, "तुह्या नवऱ्याले विचार. तो शिकवते."

तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत भाऊबीजेच्या दुपारी बाबा ओसरीत पडले होते. थकले होते, पण ऐकायला यायचं चांगलं. मी शेजारी बसलो आणि सगळं सांगितलं. रोपं आणली त्या दिवशी मलाही वास आला होता. फुलं आली तेव्हा मी ओळखलं होतं. मायची काहीच चूक नव्हती. हे सांगायला मला बारा वर्षं लागली होती.

बाबा छताकडे पाहत म्हणाले, "मले माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"जंभेरी हाय म्हणून. दुसऱ्याच वर्षी कृषी सहायक आलता वावरात. त्यानं सांगतलं."

"मग मायनं डोळे बांधू म्हटलं तेव्हा काहून नाही बांधू दिले? आन् मंग तिच्यावर कायले घातलं सगळं?"

ते कुशीवर वळले. "लोकायले काय सांगू? माह्या शिकलेल्या पोरानं पाहून पास केलं म्हणून सांगू? तुह्या नोकरीचं होतं, लग्नाचं होतं. तिचं काय होतं?"

दारात भांड्याचा आवाज झाला. माय चहा घेऊन उभी होती. किती वेळ, ठाऊक नाही. तिनं दोन्ही कप खाली ठेवले, सांडू न देता.

"बरं वाचवलं एकमेकाले," ती म्हणाली. मग मला म्हणाली, "घरात सांगून काय करतं? मले तं पह्यल्याच दिवशी माहीत होतं. तुह्या आत्याले सांग. गावाले सांग."

मी त्याच संध्याकाळी आत्याकडे गेलो. ती नातवाला भरवत होती. मी सगळं सांगितलं, बाबांचंही. ती म्हणाली, "असन बाबा. जुनं झालं आता, कोण धरून बसलं?" आणि पोराच्या तोंडात घास दिला. शेजारणीला सांगितलं, तिला बाग आठवतच नव्हती. तिला फक्त काकूला रोप दाखवायचं नाही एवढं आठवत होतं. कशामुळे ते ती विसरून गेली होती. पारावर चारचौघांत बोललो, तर एक जण म्हणाला, "सर, मोठे झाले तुमी, आता मायची बाजू घेनंच पडते." ते माझं चांगुलपण ठरलं. खरं कोणी धरलं नाही.

त्यानंतरच्या जूनमध्ये मी मुद्दाम रजा काढून पेरणीला गेलो. सकाळी बाबा चप्पल घालून अंगणात थांबले. बराच वेळ खाकरत राहिले. मग आतल्या दिशेनं म्हणाले, "चाल, वावरात."

"भाजी गॅसवर हाय," आतून उत्तर आलं.

"थांबतो मी."

"नका थांबू."

ते आणखी थोडा वेळ उभे राहिले. मग काठी टेकत एकटेच निघाले. मी आत गेलो. गॅस बंद होता. माय ओट्याशी पाठमोरी उभी राहून टमाटे चिरत होती. मी म्हणालो, "माय, चाल न. माह्यासाठी."

ती वळली नाही. "तुह्यासाठी लय झालं," म्हणाली.

मी गाडी काढली आणि बाबांच्या मागे गेलो. त्या वर्षी पूजा मी केली. मला ती नीट येत नव्हती. कुंकू आधी की हळद, ते बाबांना विचारावं लागलं. त्यांनाही आठवेना.